तांबं जातं कुठं?



आज द्राक्षाचं नाही, बोर्डाचं लिहितोय. आमच्या मोटारीवर जो घरी बनवलेला ऑटो बसवलाय, त्याचा फोटो टाकल्यापासून दहाबारा जणांनी एकच विचारलं. "भाऊ, पीसीबी घरी कोरायला कोणतं केमिकल वापरता? किती वेळात होतं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. उन्हाळ्यात पंधरा मिनिटं. पहिल्याचं उत्तर शिकायला मला सहा वर्षं लागली, आईचा कढीपत्ता गेला आणि ऐन ऑक्टोबर छाटणीत मोटार जळाली. म्हणून एका ओळीत उत्तर देत नाही, सगळंच सांगतो.

आधी एवढी उठाठेव कशासाठी, ते. आमच्याकडं, निफाड भागात, थ्री फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री. बाजारातला ऑटो वीज आली की मोटार चालू करतो, पण माझं शेततळं भरलं हे त्याला कळत नाही. मला विहिरीचं पाणी, शेततळ्याची पातळी आणि तिन्ही फेज असं तिन्ही बघून निर्णय घेणारा बोर्ड हवा होता. आयटीआय झालेली, सोल्डरिंग येत होतं. पहिला झीरो पीसीबीवर वायरी जोडून केला. एका पावसाळ्यात आतल्या वायरी सुटल्या आणि उंदरांनी राहिलेल्या खाल्ल्या. मग तांब्याचा पत्रा चढवलेला कोरा बोर्ड आणून, लेझर प्रिंट इस्त्रीनं त्यावर उतरवून, नको असलेलं तांबं केमिकलनं खाऊ घालायला लागलो. आता बाहेरून बोर्ड छापूनही मिळतात आणि दहावीस नग लागत असतील तर तेच करा. पण वैशाखात वीज कडाडून बोर्ड उडाला आणि उद्या पाणी द्यायचंय, तेव्हा कुरियरची वाट बघता येत नाही.

एक सूचना इथंच. ४१५ व्होल्टची बाजू मी घरच्या बोर्डावर घेत नाही. फेज ओळखायला छोटे ट्रान्सफॉर्मर आहेत, माझ्या बोर्डावर फक्त कमी व्होल्टेज आणि रिले. तुम्हीही तसंच करा.

कढीपत्ता

सुरुवात सगळ्यांसारखीच फेरिक क्लोराईडनं केली. पिवळसर तपकिरी ओलसर खडे मिळतात. पाण्यात टाकले की काळ्या चहासारखं पाणी होतं. त्यात बोर्ड सोडला की उघडं तांबं हळूहळू विरघळतं आणि टोनरखालचं तसंच राहतं. फेरिक तांब्याला खातं म्हणजे काय होतं? फेरिकचं फेरस होतं आणि तांब्याचं कॉपर क्लोराईड होऊन ते त्याच पाण्यात बसतं. तांबं कुठं नाहीसं होत नाही. फक्त बोर्डावरून डब्यात जातं. हे वाक्य मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

दोन वर्षांत पंचवीसेक बोर्ड झाले. पाणी दमलं, एका बोर्डाला तास लागायला लागला. मग ते लिटरभर जुनं पाणी बादलीत पातळ केलं आणि मोरीच्या मागं ओतून दिलं. तिथं आईचा कढीपत्ता. माझ्या जन्माआधीचा.

ओतलं तसं मातीतून फसफस आवाज आला, फेस आला. आमची माती चुनखडीची, त्यामुळं आंबट पाणी पडलं की फसफसणारच. आई धुणं धूत होती.

"काय रे ते ओतलंस?"

"काही नाही, लोखंडाचं पाणी आहे. झाडाला लोह चांगलंच की."

खरं सांगतो, मला तसंच वाटत होतं. पिवळ्या पडलेल्या द्राक्षाला आपण फेरस सल्फेट देतो, हेही लोहच. तीन आठवड्यांत शेंड्याची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. म्हणजे लोहाच्या कमतरतेचंच लक्षण, आणि तेही लोखंडाचं पाणी दिल्यावर. मग पानगळ. दिवाळीपर्यंत झाड वाळलं. खणून काढलं तेव्हा पांढरी मुळी एक नव्हती, जाड मुळं तपकिरी पडून टोकाला आखडलेली. तांबं जास्त झालं की आधी मुळी मरते आणि झाड लोह उचलू शकत नाही, हे नंतर वाचलं. आई काही बोलली नाही. कढी मात्र महिनाभर शेजारच्या कढीपत्त्यावर झाली.

आता कृषीवाले मित्र म्हणतील, अरे, तुम्ही द्राक्षवाले मोरचूद तर पोत्यानं मारता, लिटरभर पाण्यानं काय होतंय? मीही स्वतःला तेच म्हणालो. मग वहीत हिशेब मांडला. तुम्हीही तपासा.

कोऱ्या बोर्डावर तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा असतो. म्हणजे १० बाय १० सेंटीमीटरला सुमारे ३ ग्रॅम तांबं. माझे बोर्ड १० बाय ८ चे, त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त तांबं मी तेव्हा खाऊ घालायचो. बोर्डामागं पावणेदोन ग्रॅम धरा. पंचवीस बोर्डांचे झाले ४० ग्रॅमच्या आसपास.

आता बोर्डो. एक टक्का म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. मोरचुदात तांबं पाव हिस्सा. एकरी ४०० लिटर मारलं तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबं. एकर म्हणजे साधारण ४००० चौरस मीटर. चौरस मीटरला पडलं पाव ग्रॅम.

कढीपत्त्याचं आळं होतं चौरस मीटरभर. तिथं मी ४० ग्रॅम ओतलं. म्हणजे त्या एका जागेवर बोर्डोच्या १६० फवारण्या, एकाच सकाळी, त्याही चुन्यानं मारलेल्या नाहीत, आंबट. वरच्या अर्ध्या फुटातली माती साधारण २०० किलो धरली तर किलोमागं २०० मिलिग्रॅम तांबं नव्यानं आलं. गांडूळ तिथं राहणार नाही, मुळी राहणार नाही. आणि तांबं काही कुजत नाही, उडत नाही. चिकण मातीला आणि सेंद्रिय भागाला धरून तिथंच बसतं. त्या जागेवर अजून गांडूळ दिसत नाही.

या हिशेबानं दुसरीही गोष्ट लक्षात आणून दिली. युरोपात २०१९ पासून तांब्याच्या फवारणीला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. वर लिहिलेल्या मापानं बोर्डोच्या दोनच फवारण्या झाल्या की हेक्टरी ५ किलो होतात. तेव्हापासून माती परीक्षणात मी तांबंही तपासून घेतो. आपल्या रिपोर्टमध्ये ०.२ पीपीएमच्या खाली कमतरता एवढंच ठळक छापलेलं असतं. जास्त झालं तर काय, हे आपण विचारत नाही. पण तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

हिरवा डबा

कढीपत्त्याचं मनाला लागलं होतं. मग शोधायला लागलो की असं कोणतं केमिकल आहे जे टाकून द्यावंच लागत नाही.

ते आहे. कॉपर क्लोराईड. गंमत अशी की इथं तांबंच तांब्याला खातं. मिठाचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, आपल्या प्रत्येकाकडं असतं. ठिबकच्या नळ्या धुवायला आणलेला कॅन. त्यात पाणी, औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साईड आणि वायरीचे थोडे तांब्याचे तुकडे टाकले की हिरवंगार पाणी तयार होतं. हे झालं विरजण. पुढं बोर्ड सोडला की हिरव्या पाण्यातलं तांबं बोर्डावरच्या तांब्याला विरघळवतं आणि स्वतः दमतं. पाणी मळकट, काळपट तपकिरी होतं. मग त्यात माशांच्या टाकीचा हवेचा पंप सोडायचा. हवेतला ऑक्सिजन आणि पाण्यातलं ॲसिड मिळून ते पुन्हा हिरवं करतात. चमकदार पारदर्शक हिरवं म्हणजे तयार, काळपट म्हणजे हवा द्या, आणि हवा देऊनही उजळत नसेल तर ॲसिड कमी पडलंय. बॅटरीचा हायड्रोमीटर घेऊन घनताही बघायचो. चांगलं चाललेल्या दिवसाचं रीडिंग डब्यावर लिहून ठेवायचं आणि त्याच्या फार वर गेलं की पाणी घालायचं. तो हायड्रोमीटर मात्र परत बॅटरीला लावायचा नाही, क्लोराईडनं बॅटरी खराब होते.

विरजणासारखंच हेही वाढत जातं, कारण प्रत्येक बोर्डाचं तांबं त्यातच जमा होतं. पण ओतायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही. मला वाटलं, सुटलो. रसायन म्हणून आजही हेच सगळ्यात हुशार आहे असं मी म्हणेन.

डबा कुठं ठेवायचा हा प्रश्न आला. आई म्हणली, घरात नको. बरोबरच होतं, वास येत होता. मग ठेवला मोटारशेडमध्ये, फळीवर. हवेच्या नळीसाठी झाकणाला भोक होतंच. जूनमध्ये ठेवला.

ऑक्टोबर छाटणी झाली, पेस्ट लावून झाली. आता पाणी चुकवून चालत नाही. त्या रात्री वीज आली, ऑटोनं मोटार चालू केली. पहाटे गेलो तर शेडमध्ये वार्निश जळाल्याचा वास. मोटार हात लावू देईना.

बाइंडिंगवाल्या मामांनी मोटार खोलली, मग स्टार्टर खोलला. स्क्रूची डोकी गंजून फुगलेली, काँटॅक्टरच्या टिकल्यांवर हिरवी बुरशी चढावी तसा थर. त्यांनी नाक वर करून हुंगलं.

"भाऊ, इथं ॲसिड ठेवलंय का कुठं?"

मी फळीकडं बोट केलं.

"सर्दीला जागा द्या, पण याला नका देऊ. पत्र्याचे खिळेसुद्धा बघा."

पत्र्याचे खिळे, पान्ह्यांचा संच, पक्कड, फवारणीच्या गनची कडी, सगळ्यावर लाल पावडर होती. रोज बघत होतो, पावसाळा आहे म्हणून सोडत होतो. झालं काय होतं, तर काँटॅक्टरच्या एका टिकलीचा संपर्क त्या थरानं तुटला. मोटार दोन फेजवर राहिली. माझा बोर्ड बरोबर चालत होता, पण तो फेज बघत होता काँटॅक्टरच्या अलीकडं. तिथं तिन्ही फेज व्यवस्थित. फेज तुटला होता पलीकडं. आणि ओव्हरलोड रिले, ज्यानं शेवटी वाचवायचं, तो गंजून जाम. मोटार वाचवायला बोर्ड केला, आणि बोर्ड करायला जे केमिकल ठेवलं त्यानंच मोटार घालवली.

बाइंडिंग आणि नवा काँटॅक्टर मिळून साडेआठ हजार गेले. त्याहून वाईट म्हणजे चार दिवस पाणी नाही. शेजारच्या काकांनी दोन दिवस त्यांच्या विहिरीवरून पाणी दिलं म्हणून डोळे एकसारखे फुटले. नाहीतर त्या वर्षीचा हिशेब वेगळा झाला असता.

आणि खरी धडकी भरली ती शेड रिकामं करताना. ॲसिडच्या डब्याशेजारी त्याच फळीवर ठिबकसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर होती, पोतं फाटलेलं. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, माणूस मारणारा. फळी गंजलेल्या ब्रॅकेटवर उभी होती. आठवड्याभरानं पडली असती, आणि त्या शेडमध्ये रात्रीबेरात्री आमच्या घरातलं कोणीही जातं. मंडळी, बोर्ड करा नाहीतर करू नका, पण तुमच्या ठिबकचं ॲसिड आणि ब्लीचिंग आज एका जागी असेल तर आजच वेगळं करा.

मग निवडायचं कसं

तेव्हा कळलं की मी दोन्ही वेळा चुकीचा प्रश्न विचारत होतो. किती लवकर खातं, कितीला पडतं, पुन्हा वापरता येतं का. बोर्ड ताटात असतो पंधरा मिनिटं. डबा घरात असतो वर्षभर. आणि त्यातलं तांबं शेवटी कुठंतरी जायचंच असतं. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न, वर्षभर हे कुठं बसणार? दुसरा, दमल्यावर कुठं जाणार? वेग तिसरा.

या तीन प्रश्नांवर बाकीचीही घासून बघितली.

पर्सल्फेट, सोडियमचं किंवा अमोनियमचं. पांढरी साखर दिसते, पाणी स्वच्छ राहतं, तांबं जाताना दिसतं आणि हळूहळू सुंदर निळं होतं. पण ४० अंशांच्या वर गरम लागतं आणि एकदा कालवलं की न वापरताही दमत जातं. बाटली घट्ट बंद केली तर फुगते. वर्षाला सातआठ बोर्ड करणाऱ्याला परवडत नाही. अमोनियमवाल्यात आणखी एक त्रास, अमोनियामुळं तांबं नंतर चुन्यानं नीट खाली बसत नाही.

व्हिनेगर, मीठ आणि पेरॉक्साईड. काहीजण याला सेंद्रिय म्हणतात. चालतं, पण सावकाश. आणि बोर्डावरचं तांबं तेवढंच, ते पाण्यात तेवढंच उतरणार. स्वयंपाकघरातून निघालं म्हणून ओतायला मोकळीक नाही.

नायट्रिक ॲसिड. विचारूच नका. तपकिरी वाफ निघते, ती फुप्फुसाला घातक.

मोरचूद वापरता येईल का, हेही एकानं विचारलं. नुसतं मोरचूद धातूच्या तांब्याला हात लावत नाही. ते बागेलाच ठेवा.

कॉपर क्लोराईड कोणासाठी? ज्याच्याकडं घरापासून आणि सगळ्या लोखंडापासून लांब, उघडी हवेशीर जागा आहे, आणि जो दर आठवड्याला त्याच्याकडं बघणार आहे. माझ्याकडं दोन्ही नाही. हंगामात मी बागेकडं बघतो, डब्याकडं कोण बघणार? म्हणून मी परत फेरिककडं आलो. त्याची वाफ नावाला, झाकण घट्ट लावता येतं, सहा महिने विसरलं तरी रुसत नाही. फक्त यावेळी मोजून.

माझी सध्याची पद्धत

एक लिटर पाण्यात अर्धा किलो खडे. खडे पाण्यात, थोडे थोडे. काळपट कोरडी पावडर मिळाली तर ती निर्जल असते, पाण्यात पडताच चांगलीच तापते, तिला आणखी सावकाश घाला. हातमोजे, चष्मा, जुने कपडे. कपड्यावरचा डाग निघत नाही हे धरूनच चला.

भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं. स्टीलचं चालत नाही, हळूहळू बारीक छिद्रं पडतात. ॲल्युमिनियमचं तर मुळीच नको, फेसाळून उकळी आल्यासारखं अंगावर येतं.

बोर्ड तांब्याची बाजू खाली करून पाण्यावर तरंगत ठेवा, खाली बुडबुडा अडकू देऊ नका. सुटलेला गाळ खाली पडतो आणि ताजं पाणी तांब्याला लागत राहतं. मधूनमधून ताट हलवायचं. ४० ते ४५ अंश पुरेसं. आमच्याकडं पौषात पारा किती खाली जातो ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत बोर्ड दीड तास लोळत पडायचा. आता गरम पाण्याच्या परातीत ताट ठेवतो. चुलीवर थेट ठेवायचं नाही.

डिझाइन करताना रिकाम्या जागेतलं तांबं काढू नका, तिथं ग्राउंड म्हणून राहू द्या. पूर्वी बोर्डामागं पावणेदोन ग्रॅम जायचं, आता पाऊण ग्रॅमच्या आसपास जातं. जे तांबं विरघळलंच नाही ते टाकायचा प्रश्न येत नाही. सगळ्या लेखातली हीच सगळ्यात स्वस्त युक्ती.

डब्यावर कागद चिकटवलाय. तारीख, बोर्डाचं माप, तापमान, लागलेली मिनिटं. अर्धा किलो खडे हिशेबानं ५८ ग्रॅम तांबं खाऊ शकतात. मी ३० ग्रॅमला थांबतो, म्हणजे माझे चाळीसेक बोर्ड. पंधरा मिनिटांची पस्तीस झाली तरी थांबतो. तळाला तपकिरी गाळ धरायला लागला तर किंचित हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं की पाणी स्वच्छ राहतं. किंचित म्हणजे लिटरला दोनचार चमचे, तेही उघड्यावर.

डबा जाड प्लास्टिकचा, मोठ्या टबात ठेवलेला, कुलपात. थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका. हे पाणी दिसायला तसंच काळं दिसतं, आणि उन्हातून आलेलं पोर बघत नाही.

बोर्ड धुतलेलं पहिलं पाणीही मोरीत नाही. एका ठरलेल्या बादलीत.

दमल्यावर

आपण बोर्डो तयार झाल्यावर त्यात चाकूचं पातं बुडवून बघतो. पात्यावर लालसर थर आला तर चुना कमी, आणखी घाला. तीच परीक्षा इथं कामाला आली.

दमलेल्या पाण्यात आणि धुतलेल्या पाण्यात मी जुने खिळे, बांधकामाची तार टाकून ठेवतो. उघड्यावर, सैल झाकण. लोखंड विरघळतं आणि तांबं लाल पावडर होऊन खाली बसतं. तीनचार दिवसांनी घासलेलं पातं बुडवून बघायचं. लाल झालं तर तांबं अजून आहे, आणखी खिळे. लाल होईनासं झालं की पुढचं काम.

पुढचं काम म्हणजे धुण्याचा सोडा, चिमटीचिमटीनं, मोठ्या बादलीत, कारण फसफसतं. फवारणीच्या पाण्याचा पीएच बघायच्या पट्ट्या आपल्याकडं असतातच. आठच्या वर आला की थांबायचं. आधी मी चुना वापरायचो. गाळ बसतो छान, पण वरच्या पाण्यात कॅल्शियम क्लोराईड उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि ताट महिनाभर वाळत नाही. सोड्यानं शेवटी साधं मीठ उरतं, ते उन्हात वाळतं.

हिरवट गाळ हवेत तांबूस होतो. फडक्यातून गाळून गच्चीवरच्या ताटात वाळवतो. पाणीही तिथंच आटवतो, बागेत नाही. वाळलेलं सगळं एका डब्यात, वर नाव लिहून. नाशिकला एमआयडीसीत पीसीबीचं काम करणारा एक ओळखीचा आहे, त्यांचा घातक कचरा परवान्याच्या गाडीनं जातो. वर्षा-दोन वर्षांनी माझा डबा त्याच्या ड्रममध्ये. विचारायला लाज वाटली होती, पण तो म्हणाला, "आणा की. विहिरीशेजारी ओतण्यापेक्षा माझ्याकडं आणा."

तुमच्या ओळखीत असं कोणी नसेल, तर आधी ते शोधा आणि मग खडे विकत आणा. उलट क्रमानं करू नका. मी उलट केलं होतं.

गेल्या महिन्यात डब्यावरचा कागद बघितला. एकोणीस बोर्ड, सुमारे १५ ग्रॅम. पूर्वीच्या हिशेबानं हेच ३० च्या वर गेलं असतं. मोटार नीट आहे, स्टार्टर मीच दर पावसाळ्यानंतर खोलून बघतो, आणि बोर्ड आता काँटॅक्टरच्या पलीकडचाही फेज बघतो.

मोरीमागची ती माती दीड फूट खोल काढून जाड पिशव्यांत भरून ठेवलीय, तिचं काय करायचं ते अजून ठरत नाही. तिथं नवी माती आणि शेणखत टाकलं. आईनं परवा शेजारणीकडून कढीपत्त्याचं रोप आणलं. त्या जागी नाही लावलं, चार हात लांब, आडाच्या बाजूला लावलं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पाणी मात्र ती मलाच घालायला लावते.